गवताच्या पात्यावर दहा महिने : पाउशीक चपळ या फुलपाखराचं प्रकरण

अमेरिकेच्या आयोवा राज्यात पाउशीक नावाची एक काउंटी आहे, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. ग्रिनेल हे त्यातलं कॉलेजचं गाव. तिथले प्राध्यापक हेन्री पार्कर यांनी गावाजवळच्या प्रेअरीवर, म्हणजे तिकडच्या गवताळ माळावर, सापडलेल्या एका बारक्या तपकिरी फुलपाखराचं वर्णन १८७० मध्ये छापलं आणि काउंटीचं नाव त्याला दिलं. छापताना नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती, ती पुढे सुधारली गेली. आज त्या काउंटीत हे फुलपाखरू नाही. सगळ्या आयोवा राज्यातच नाही.

पाउशीक हे मुळात मेस्क्वाकी लोकांच्या एका प्रमुखाचं नाव. मेस्क्वाकींना आयोवातून हुसकावून लावलं होतं. १८५७ मध्ये त्यांनी शेजारच्या टामा काउंटीत ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली आणि ते परत आले. ते आजही तिथे आहेत. फुलपाखराला मात्र परत यायला गवतच उरलं नव्हतं, अशी माझी समजूत होती. हे प्रकरण नीट वाचायला घेतलं तेव्हा कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. गवत गेलं हे खरंच, पण जिथे गवत राखलं होतं तिथूनही हे फुलपाखरू गेलं. मी माळरानावरच्या फुलपाखरांच्या नोंदी ठेवतो, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

प्राणी कसा आहे

हे ‘स्किपर’ गटातलं फुलपाखरू. मराठीत या कुळाला ‘चपळ’ म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. पंख पसरले तर अडीच-तीन सेंटिमीटर. वरची बाजू गडद तपकिरी, पुढच्या पंखाच्या कडेला नारिंगी झाक. खालची बाजू फिकट राखाडी आणि तिच्यावरून गेलेल्या शिरा पांढरट. कुठल्याही कॅलेंडरवर छापला जाणार नाही असा हा जीव. पिवळ्या फुलावर बसला की मगच नजरेत भरतो.

वर्षातून एकच पिढी. जूनच्या अखेरीला प्रौढ फुलपाखरं बाहेर पडतात आणि जुलै संपायच्या आत त्यांचा खेळ आटोपतो. एकेका फुलपाखराच्या वाट्याला उडण्याचे एक-दोन आठवडे येतात. तेवढ्यात मकरंद प्यायचा, जोडीदार शोधायचा आणि गवताच्या पात्यांवर एकेक करून मोहरीहून लहान अंडी ठेवायची. साधारण दहा दिवसांत अंड्यातून सुरवंट निघतो. आपण ज्याला फुलपाखराचं आयुष्य समजतो ते इथवर संपतं आणि त्याचं खरं आयुष्य इथून सुरू होतं.

कारण सुरवंटाला पुढच्या जूनपर्यंत गवतावरच राहायचं असतं. तो पात्याच्या कडा कुरतडत हळूहळू वाढतो आणि कोवळं पातं शोधत गवताच्या एका थोंबावरून, म्हणजे झुबक्यावरून, दुसऱ्यावर जातो. त्याचाच भाऊबंद असलेल्या डकोटा स्किपर या चपळाचा सुरवंट रेशमाने पाती विणून जमिनीलगत घर करतो. पाउशीक तसं काही करत नाही. बर्फ पडायच्या सुमाराला तो अर्धामुर्धा वाढलेला असतो आणि तसाच, उघडा, गवताच्या पात्याला किंवा बुडख्याजवळच्या काडीला चिकटून हिवाळा काढतो. उणे वीस, उणे तीस अंशांचे ते महिने. वसंतात पुन्हा खायला लागतो, जूनमध्ये कोष करतो. असे वर्षातले दहा महिने त्याचा सगळा संसार एका सुक्या थोंबावर असतो. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरतं.

त्याचं आवडतं गवत म्हणजे प्रेअरी ड्रॉपसीड. बारीक पात्यांचं, कारंज्यासारखं चहूबाजूंनी वाकलेलं, दाट बुडख्याचं हे गवत अनेक वर्षं जगतं आणि सावकाश वाढतं. नांगरलेल्या जमिनीत ते आपण होऊन परत येत नाही. तणासारखं रस्त्याच्या कडेला उगवणं त्याच्या स्वभावात नाही.

पहिला घाव, आणि त्यातून वाचणं

उंच गवताच्या प्रेअरीची माती काळी, खोल आणि मुळांनी जाम विणलेली असे. लाकडी आणि ओतीव लोखंडी नांगराला ती चिकटून बसायची. जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्ये १८३७ साली पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि तो या मातीतून सुळकन निघाला. दोन पिढ्यांत प्रेअरी संपली. आयोवात मूळ प्रेअरीचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग गेला. मिनेसोटात एक कोटी ऐंशी लाख एकर प्रेअरी होती, तिच्यातली दोन टक्क्यांहून कमी उरली.

तरी पाउशीक जगला. जिथे नांगर पोचला नाही अशा कोपऱ्यांत तो राहिला. खडकाळ चढ, पाणथळ खोलगट भाग, आणि वर्षातून एकदा गवत कापण्यापुरत्या राखलेल्या जमिनी. आयोवा, मिनेसोटा, दोन्ही डकोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातलं मॅनिटोबा मिळून जवळपास ३०० ठिकाणी त्याच्या नोंदी झाल्या. पश्चिम मिनेसोटात तर प्रेअरीवरच राहणाऱ्या चपळांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा हाच होता. जुलैत चांगल्या प्रेअरीवर चालत गेलं की दर काही पावलांवर तो उडायचा. काळजी वाटायची ती डकोटा स्किपरची, कारण तो तेव्हाही विरळ होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यातले कितीतरी तुकडे सरकारने, संस्थांनी विकत घेतले आणि राखीव केले. कुंपणं झाली, पाट्या लागल्या. आता हे फुलपाखरू सुरक्षित आहे असं कोणीही म्हटलं असतं. आणि मग या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ते या राखलेल्या तुकड्यांतूनच नाहीसं झालं. आधी एका जागी दिसलं नाही, मग शेजारच्या जागी. निरीक्षक दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले, हवामान चांगलं निवडून गेले, तरी नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सरकारने त्याला नष्टप्राय ठरवलं. ज्याची काळजी आधी वाटत होती तो डकोटा स्किपर त्याच दिवशी एक पायरी कमी गंभीर, म्हणजे धोक्यात असलेल्यांच्या यादीत गेला. क्रम उलटा झाला होता.

सगळीकडे दिसणाऱ्या जिवाची मोजणी कोणी फारशी करत नाही. त्यामुळे घसरण नेमकी कुठल्या वर्षी, कुठल्या कडेने सुरू झाली हे सांगणारे आकडे तुटपुंजे आहेत. ॲन आणि स्कॉट स्वेंगल या जोडप्याने १९८० च्या दशकाच्या शेवटापासून वर्षानुवर्षं ठरलेल्या वाटांवरून चालत फुलपाखरं मोजली. त्यांच्यासारख्यांच्या वह्या नसत्या तर हे प्रकरण अभ्यासायलाही काही उरलं नसतं.

आगीचा प्रश्न

प्रेअरी आगीवर जगते. वीज पडून आग लागे, आणि त्याहून जास्त वेळा ती तिथले मूळ रहिवासी मुद्दाम लावत. आग लागली नाही तर झुडपं आणि झाडं शिरतात आणि काही दशकांत गवताळ प्रदेशाचं रान होतं. गवताचा जीव मुळांत असतो, त्यामुळे जळाल्यावर ते जोमाने फुटतं. म्हणून राखीव प्रेअरी सांभाळणाऱ्यांनी वसंतात नियोजनपूर्वक जाळणं सुरू केलं. वनस्पतींच्या दृष्टीने ते अगदी योग्य होतं.

पण वसंतात पाउशीकचा सुरवंट कुठे असतो? त्याच सुक्या थोंबावर, जमिनीच्या वर, उघडा. गवताचं बुड वाचतं, सुरवंट वाचत नाही.

मग हजारो वर्षं आगी लागत असताना हा जीव टिकला कसा? उत्तर विस्तारात आहे. क्षितिजापर्यंत पसरलेल्या प्रेअरीत आग एका पट्ट्यातून जाई, ओलीपाशी थांबे, वाऱ्याबरोबर वळे. एक भाग जळे तेव्हा शेजारचे दहा भाग शाबूत असत. दोन-तीन वर्षांत तिथली फुलपाखरं जळालेल्या भागात पसरत. आता त्या विस्ताराचा ऐंशी-शंभर एकरांचा तुकडा उरला आहे आणि भोवती मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन. पाउशीक काही लांब पल्ल्याचा प्रवासी नाही, पिकावरून उडत पुढची प्रेअरी गाठणं त्याच्या आवाक्यातलं नाही. असा तुकडा एका दुपारी पूर्ण जाळला तर तिथला वंश संपतो आणि परत आणायला शेजारी कोणीच नसतं. गवत मात्र पुढच्या वर्षी हिरवंगार दिसतं, फुलंही जास्त येतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की जागा सुधारली.

स्वेंगल जोडप्याने हे १९९० च्या दशकातच लिहिलं होतं. प्रेअरीवरच अवलंबून असलेली फुलपाखरं जाळलेल्या जागांवर कमी आणि गवत कापून सांभाळलेल्या जागांवर जास्त भेटतात, हे त्यांनी दाखवलं. यावर तिथे बराच वाद झाला, आणि त्यात दोन्ही बाजूंना गवताळ प्रदेशावर जीव असलेलीच माणसं होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. जाळू नका म्हणावं तर झुडपं शिरतात, जाळा म्हणावं तर सुरवंट जातात.

वाट निघू शकते याचा दाखला ओरेगन राज्यात आहे. तिथल्या विलमेट खोऱ्यातल्या प्रेअरीवर फेंडर्स ब्लू नावाचं छोटं निळं फुलपाखरू राहतं. १९३७ नंतर ते दिसलं नव्हतं, संपलं असंच धरलं होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा सापडलं. तिथल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की आग सुरवंटांना मारते, पण झाडोरा हटवून त्यांच्या खाद्यवनस्पतीला, ल्युपिनला, जागाही करून देते. म्हणून जागा एकदम न जाळता तिचा एखादा भागच, साधारण तिसरा हिस्सा, एका वेळी जाळायचा आणि बाकीचा राखायचा. २००० साली नष्टप्राय ठरलेलं हे फुलपाखरू २०२३ मध्ये एक पायरी कमी गंभीर, धोक्यात असलेल्यांच्या यादीत आणता आलं. प्रश्न आग लावावी की नाही हा नव्हताच. आग लागेल तेव्हा न जळालेलं काय शिल्लक राहील, हा होता.

हे वाचताना मला आपले माळ दिसत होते. ‘वणवा लावला की पुढल्या वर्षी गवत चांगलं येतं’ हे वाक्य पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर मी कितीदा तरी ऐकलं आहे. आपल्याकडचे चपळसुद्धा गवतावरच वाढतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक थोंब शिल्लक राहत नाही. दसरा-दिवाळीनंतर विळ्याने गवत कापून नेण्याची जुनी रीत जिथे चालू आहे तिथे निदान बुडखे, बांधाकडेची गवतं आणि काट्याकुट्यातली पाती राहतात. मिनेसोटातल्या कापणीच्या कुरणांवर चपळ जास्त का होते, हे समजायला आपल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागू नये.

सोयाबीनवरचा मावा

आग हे एकच कारण धरलं तर कोडं सुटत नाही. जिथे वर्षानुवर्षं जाळलं नव्हतं अशा जागांवरूनही पाउशीक गेला, आणि राज्याराज्यांतून जवळजवळ एकाच दशकात गेला. म्हणून अभ्यासकांची नजर कुंपणाबाहेर गेली.

२००० साली आशियातून आलेला सोयाबीनचा मावा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला. त्याआधी तिथल्या मध्यपश्चिमेत सोयाबीनवर कीटकनाशक फारसं मारत नसत. मावा काही वर्षांत सगळीकडे पसरला आणि फवारणी नेहमीची झाली, कितीतरी ठिकाणी विमानाने. औषधं कोणती? क्लोरपायरीफॉस आणि पायरेथ्रॉइड गटातली. क्लोरपायरीफॉस म्हटल्यावर मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या शेतकऱ्याला बाटलीसुद्धा आठवेल. फवारणी व्हायची ती जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, नेमकी पाउशीकचे सुरवंट अंड्यातून नुकते निघालेले, केसाएवढे असताना. गवताच्या पात्यावर, उघडे.

औषध कुंपण ओळखत नाही. मिनेसोटात शेताला लागून असलेल्या राखीव गवताळ जागांवर मोजणी झाली तेव्हा शेताच्या कडेपासून ४०० मीटर आतपर्यंत क्लोरपायरीफॉसचे अंश मिळाले. आता हे अंतर त्या तुकड्यांच्या मापाशी ताडून पाहा. १६० एकरांचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू साधारण ८०० मीटरची. चारही बाजूंनी सोयाबीन असेल तर मध्यबिंदू कडेपासून ४०० मीटरवर येतो. म्हणजे वारं कुठूनही वाहिलं तरी ज्याच्यापर्यंत औषध पोचू शकणार नाही असा कोपरा त्या तुकड्यात नाही.

यावरून पाउशीकला औषधानेच मारलं असं सिद्ध होत नाही, आणि कोणी जबाबदार अभ्यासक तसं म्हणतही नाही. मेलेला सुरवंट सापडत नाही, आणि जो जीव आता तिथे नाही त्याच्यावर प्रयोग करता येत नाही. हिवाळ्यात पुरेसा बर्फ न पडणं, जवळच्या नात्यातल्या संकरामुळे क्षीण होणं, गुरांची अति चराई, ही कारणंही मांडली गेली आहेत. माझा कल असा की तुकडे लहान आणि सुटे झाले तेव्हाच या फुलपाखराची उभारी गेली होती. त्यानंतर एका जागी आगीने, दुसऱ्या जागी फवारणीने, तिसऱ्या जागी एका वाईट हिवाळ्याने काम केलं. पूर्वी असा घाव शेजारच्या जागेवरून भरून निघायचा, आता शेजारची जागाच नव्हती.

उरलं कुठे

उरलं ते दोन टोकांना, एकमेकांपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर.

एक जागा मॅनिटोबाच्या आग्नेय कोपऱ्यात, टॉल्स्टॉय आणि व्हीटा या गावांच्या परिसरात राखलेली उंच गवताची प्रेअरी. तिथली जमीन दगडगोट्यांची आणि पाणी न निथळणारी, म्हणूनच ती नांगरातून सुटली.

दुसरी जागा डेट्रॉइट शहराच्या वायव्येला, मिशिगनच्या ओकलंड काउंटीत, जिथे बंगल्यांच्या वसाहती आणि गोल्फची मैदानं आहेत तिथे. त्यांच्या मध्ये ‘प्रेअरी फेन’ नावाच्या गवताळ पाणथळी आहेत. हिमनदीने टाकलेल्या वाळू-खडीच्या टेकड्यांतून चुनखडीयुक्त, थंडगार पाणी पायथ्याशी बारमाही पाझरत राहतं. त्या ओलीवर लव्हाळ्यासारखी गवतं, पिवळ्या फुलांची बुटकी झुडपं आणि मॅट म्युली नावाचं एक नाजूक गवत वाढतं. मिशिगनचा पाउशीक ड्रॉपसीडऐवजी या म्युलीवर वाढतो. पाझराचं पाणी थंड आणि कायम असल्यामुळे दुष्काळ किंवा उन्हाळा इथे तितका जाणवत नाही. भोवती सोयाबीन नाही. आणि चिखलात जाळायला फार कोणी जात नसे.

ही जागा सुरक्षित आहे असं मात्र नाही. युरोपातून आलेलं बकथॉर्न नावाचं झुडूप फेनमध्ये घुसतं आणि सावलीने गवत मारतं. वरच्या अंगाला विहिरी वाढल्या, रस्ते आणि फरशा झाल्या की जमिनीत मुरणारं पाणी घटतं आणि पाझर मंदावतो. पाणथळीची हद्द कुंपण घालून राखता येते, तिचा झरा ज्या टेकडीतून येतो ती टेकडी दुसऱ्याच्या नावावर असते. माळरानातल्या ओढ्यांचं काय होतं हे पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

कुंडीतलं गवत

मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाने २०१२ मध्ये प्रेअरीच्या फुलपाखरांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. वाघ-अस्वलांच्या संस्थेने तपकिरी चपळांसाठी माणसं नेमावीत, हे मला आजही विलक्षण वाटतं. सुरुवात डकोटा स्किपरपासून केली, कारण तो अजून थोडा हाताशी होता. त्याच्यावर पद्धत बसवली आणि २०१७ पासून होल-इन-द-माउंटन नावाच्या राखीव प्रेअरीवर, जिथून तो नाहीसा झाला होता तिथे, तो सोडायला सुरुवात झाली. मग पाउशीककडे वळले. मॅनिटोबाच्या बाजूने विनिपेगच्या असिनिबोइन पार्क प्राणिसंग्रहालयाने आणि मिशिगनच्या बाजूने ग्रँड रॅपिड्सच्या जॉन बॉल प्राणिसंग्रहालयाने हेच काम हाती घेतलं.

कामाची रीत सोपी वाटते. जुलैत अंड्यावर आलेली मादी फेनमधून अलगद पकडायची, एखाद-दोन दिवस जाळीत ठेवून थोडी अंडी घालू द्यायची आणि तिला होती तिथेच सोडून द्यायचं, म्हणजे उरलेली अंडी ती स्वतःच्या जागी घालेल. आणलेली अंडी बारीक कुंचल्याने उचलून कुंडीतल्या गवतावर ठेवायची. अंड्यातून निघालेला सुरवंट कुंडीवर जाळी चढवून दहा महिने सांभाळायचा. कोळी शिरता कामा नये, बुरशी चढता कामा नये, पातं कोवळं राहिलं पाहिजे, आणि हिवाळा हवा तेवढाच थंड आणि हवा तेवढाच ओला असला पाहिजे. यातलं एक चुकलं तर वर्ष जातं, कारण पिढी एकच.

या सांभाळण्यात तोवर कोणालाच नीट माहीत नसलेल्या गोष्टी कळल्या. सुरवंट कोणती गवतं खातो, किती वेळा कात टाकतो, थंडीत नेमका कुठे बसतो. जे फुलपाखरू १८७० पासून कपाटात टाचून ठेवलेलं होतं, त्याचं बाळपण माणसाने पाहिलं ते हे फुलपाखरू जवळजवळ संपल्यावर. फुलपाखरं पंखांवरून ओळखण्याची, पंखांवरून मोजण्याची आपली सवयच याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या वह्यांतही बहुतेक नोंदी उडणाऱ्या फुलपाखरांच्या आहेत. कुसळीच्या थोंबावर वाकून पात्यांची टोकं कोणी कुरतडली आहेत का ते पाहायला मी आता सुरुवात केली आहे. गुडघे धुळीने माखतात आणि तासाभरात फार तर दहा-बारा थोंबं होतात.

मिशिगनमध्ये जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोष फुटायला लागतात. पंख वाळून ताठ झालेली फुलपाखरं लहान डब्यांत घालून, थंडावा राखून, गाडीने फेनवर नेतात. चिखलात पाय रुततो म्हणून ठरलेल्या वाटेनेच चालायचं, गवत तुडवायचं नाही. पिवळं फूल दिसलं की त्याच्याशेजारी डबा उघडा धरायचा आणि थांबायचं. काही चपळ लगेच उडतात. काही आधी फुलावर चढतात, सोंड उलगडतात आणि उन्हात पंख अर्धवट उघडून बसून राहतात.